बॅकअप ‘ऑन’ दिसतो, पण फायली जातात कुठे?

ऑटोमॅटिक बॅकअप बंद पडला तर कुणाला पत्ता लागत नाही. प्रिंटर अडला की पाच मिनिटांत ऑफिसभर बोंब होते, नेट गेलं की फोन येतो. पण बॅकअप सहा महिने झालेला नसला तरी सगळं सुरळीत चाललेलं असतं. हार्ड डिस्क टेबलावर असते, तिचा दिवा लुकलुकत असतो, कंट्रोल पॅनेलमध्ये हिरव्या खुणेशेजारी ‘ऑन’ लिहिलेलं असतं. आणि ज्या दिवशी फाइल हवी असते त्या दिवशी कळतं की शेवटची प्रत गेल्या दिवाळीची आहे.

या लेखात मुख्य भर विंडोज १० आणि ११ वर, म्हणजे त्यातल्या फाइल हिस्टरीवर (फायलींच्या प्रती आपोआप घेणारी सोय) आणि टास्क शेड्युलरमधून (ठरल्या वेळी काम सुरू करणारं साधन) चालवलेल्या कॉपीवर आहे. मॅकवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं आहे. कंपन्यांचे सर्व्हर, नेटवर्क स्टोरेज वगैरे इथे धरलेलं नाही.

दुरुस्तीच्या आधी

काहीही बदलायच्या आधी, जे गमावून चालणार नाही ते हातानं दुसरीकडे कॉपी करा. चालू वर्षाचे हिशेब, मुलांचे फोटो, अर्धवट प्रबंध, जे असेल ते. पेनड्राइव्ह चालेल, दुसरा लॅपटॉप चालेल. सेटिंग चाळताना नेमका याच वेळी मूळ संगणक दगा देतो असं नाही, पण बॅकअप बंद आणि मूळ प्रत एकच, अशा अवस्थेत प्रयोग करू नयेत.

दुसरं: डिस्क जोडल्यावर विंडोजनं ‘ही डिस्क वापरण्यासाठी फॉरमॅट करा’ अशी चौकट दाखवली तर ‘कॅन्सल’ दाबा. ही चौकट अनेकदा फाइल सिस्टीम बिघडल्यामुळे येते आणि आतला डेटा बहुतेक वेळा जागच्या जागी असतो. फॉरमॅट केल्यावर तो काढणं अवघड आणि महाग होतं.

आधी तारीख बघा

चुकीच्या जागी खटपट करण्यात सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. केबल सैल असते आणि माणूस विंडोज नव्यानं टाकत बसतो. म्हणून क्रमानं तीन प्रश्न विचारायचे: संगणकाला डिस्क दिसते का? बॅकअपचं काम सुरू होतं का? आणि सुरू होऊन हव्या त्या फायली खरंच कॉपी होतात का? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर दुसऱ्याकडे वळायचंच नाही.

त्याआधी एक तारीख लिहून ठेवा. फाइल हिस्टरीच्या पानावर ‘फाइल्स लास्ट कॉपीड ऑन’ अशी ओळ असते. पण फक्त तिच्यावर विसंबू नका. डिस्क उघडा, ‘फाइल हिस्टरी’ नावाच्या फोल्डरात शिरा. आत वापरकर्त्याच्या नावाचं, त्यात संगणकाच्या नावाचं आणि त्यात ‘डेटा’ नावाचं फोल्डर असतं. तुम्ही या आठवड्यात नक्की बदललेली एखादी फाइल तिथे शोधा. प्रत्येक प्रतीच्या नावापुढे कंसात तारीख आणि वेळ असते, तीही यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. आपली वेळ साडेपाच तास पुढे असल्यानं सकाळी दहाला घेतलेली प्रत तिथे साडेचारची दिसेल. घड्याळ बिघडलेलं नसतं.

ती शेवटची तारीख हातात आली की त्या सुमाराला काय बदललं ते आठवा. पासवर्ड बदलला? संगणकाचं नाव बदललं? नवा अँटिव्हायरस आला? टेबल हलवलं? अर्ध्या तक्रारी इथेच सुटतात.

डिस्क दिसत नाही, किंवा दिसता दिसता गायब होते

खिशात मावणाऱ्या अडीच इंची डिस्क यूएसबीमधूनच वीज घेतात. यूएसबी २ च्या पोर्टमधून प्रमाणानुसार ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३ मधून ९००. डिस्क फिरायला सुरुवात करताना सगळ्यात जास्त वीज खाते. म्हणून कीबोर्ड, माउस, वेबकॅम आणि डिस्क असं सगळं एका बिनअडॅप्टरच्या हबवर टांगलं की डिस्क ‘टक्’ असा आवाज करून थांबते, पुन्हा फिरते, पुन्हा थांबते. हब काढा. डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा.

केबल बदलून बघायला पैसे फारसे लागत नाहीत, तरी लोक ते शेवटी करतात. जुन्या पोर्टेबल डिस्कना जो रुंद, चपटा, मध्ये खाच असलेला प्लग असतो तो वापरून वापरून ढिला होतो. जोडलेल्या अवस्थेत हलकेच बोट लावल्यावर डिस्क एक्सप्लोररमधून जात असेल तर निदान झालं. नुसती चार्जिंगची केबल लावून ‘डिस्क मेली’ म्हणणारेही भेटतात.

साडेतीन इंची मोठ्या डिस्कना स्वतःचा अडॅप्टर असतो, आणि आपल्याकडे त्याची एक खास भानगड आहे. एका हिशेबनिसाच्या ऑफिसात डिस्कची फाइल सिस्टीम दर थोड्या दिवसांनी बिघडायची. संगणक यूपीएसवर होता, त्यामुळे वीज गेली तरी कुणाचं काम थांबत नव्हतं. पण डिस्कचा अडॅप्टर शेजारच्या साध्या बोर्डात होता. म्हणजे लाइट गेली की संगणक चालू, डिस्क मात्र लिहिता लिहिता बंद. अडॅप्टर यूपीएसच्या सॉकेटवर नेला आणि प्रश्न मिटला. तुमच्याकडे इन्व्हर्टर असेल तर डिस्कचा प्लग नेमका कोणत्या लाइनवर आहे ते बघाच.

डिस्क एक्सप्लोररमध्ये नाही पण दिवा लागतो, अशा वेळी स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. तिथे डिस्क दिसते पण तिला (सी, डी यांसारखं) अक्षर नाही, असं असेल तर उजवी क्लिक करून अक्षर द्या. देताना एम, आर, टी असं मधलं किंवा मागचं द्या. ई किंवा एफ दिलं तर उद्या पेनड्राइव्ह आधी लावला की तो ते पटकावतो, आणि अक्षरावर विसंबलेली स्क्रिप्ट भलतीकडे कॉपी करू लागते.

डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं एनक्रिप्शनचं कुलूप, लावलं असेल तर ती जोडली तरी कुलूपबंद राहते आणि बॅकअपच्या दृष्टीनं नसल्यातच जमा असते. आपल्या संगणकापुरतं ‘ऑटो अनलॉक’ चालू करावं लागतं.

काही वेळानं आपोआप गायब होणाऱ्या डिस्कसाठी वीजबचतीची सेटिंग तपासा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएसबी रूट हब’च्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ अशा अर्थाची खूण असते, ती काढा. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ नावाची ओळ असेल तर तीही बंद करा. लॅपटॉपवर बॅटरी किंचित लवकर संपेल, इतकंच.

डिस्क आजारी आहे का

या पायरीवर घाई नको. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून ‘विंडोज लॉग्ज’मधलं ‘सिस्टीम’ बघा. ‘डिस्क’ या नावाखाली ७ क्रमांकाची नोंद म्हणजे खराब ब्लॉक. १५३ म्हणजे वाचण्या-लिहिण्याचं काम पुन्हा करावं लागलं. १५७ म्हणजे डिस्क न सांगता निघून गेली. हिचा रोख बहुधा केबल किंवा विजेकडे असतो. ‘एनटीएफएस’खाली ५५ दिसली तर फाइल सिस्टीममध्ये गोंधळ आहे.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट मिळणारं साधन चालवा. त्यात चार ओळींकडे लक्ष द्यायचं: ०५, सी५, सी६ आणि सी७. पहिली म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर, दुसरी निकालाच्या प्रतीक्षेतले संशयित सेक्टर, तिसरी दुरुस्त न होणारे. या तिन्हींचे आकडे शून्यावर असावेत. चौथी, सी७, वाढलेली असेल तर संशय डिस्कपेक्षा जोडणीवर घ्या. हे साधन कच्चे आकडे सोळाच्या पद्धतीत दाखवतं, त्यामुळे शेवटचे ‘१०’ प्रत्यक्षात १६ असतात. ‘फंक्शन’ मेनूतल्या प्रगत पर्यायांत दशमान पद्धत निवडता येते. काही डिस्कच्या डब्यातली चिप ही माहिती बाहेरच येऊ देत नाही, तेव्हा इव्हेंट व्ह्यूअरवर भागवावं लागतं.

सी५ आणि सी६ आठवड्यागणिक चढत असतील तर ती डिस्क बॅकअपसाठी संपली. तिच्यावर चेकडिस्कचा ‘खराब सेक्टर शोधा’वाला लांबलचक प्रकार चालवू नका, आधीच दमलेल्या डिस्कला तासन्‌तास घासून आपण उरलंसुरलंही घालवतो. तिच्यावरचं हवं ते कॉपी करून घ्या आणि नवी आणा. आकडे शून्य असतील आणि फक्त ५५ ची नोंद असेल, तर मात्र डिस्कच्या ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘टूल्स’ टॅबवरचं ‘चेक’ बटण पुरतं.

नवी डिस्क घेताना एक सावधगिरी. ऑनलाइन बाजारात दोनेक हजारांत ‘१६ टीबी एसएसडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्या म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. आत छोटं मेमरी कार्ड असतं आणि वर खोटी क्षमता लिहिलेली असते. विंडोज ती खरी मानतं, बॅकअपही ‘यशस्वी’ होतो, पण खरी जागा संपल्यावर लिहिलेलं सगळं हवेत जातं. शंका असेल तर एच२टेस्टडब्ल्यू हे फुकट साधन रिकामी डिस्क पूर्ण भरून आणि परत वाचून खरं-खोटं करतं.

जागा आणि फॉरमॅट यांचं थोडक्यात. एफएटी३२ डिस्कवर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल बसत नाही. लग्नाचा व्हिडिओ किंवा आउटलुकची जुनी पीएसटी (मेल साठवणारी फाइल) तिथेच अडते. विंडोजसाठी एनटीएफएस ठेवा. फाइल हिस्टरीत जुन्या आवृत्त्या ‘फॉरेव्हर’ ठेवायचं मूळ सेटिंग असतं, त्यामुळे डिस्क कधी ना कधी भरतेच. ‘अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये ते ‘अंटिल स्पेस इज नीडेड’ करा, किंवा ‘क्लीन अप व्हर्जन्स’मधून जुन्या प्रती काढा.

फाइल हिस्टरी: चालू असूनही न चालणारी

ही सोय विंडोज ८ बरोबर २०१२ साली आली. ठरावीक वेळानं, मूळ सेटिंगप्रमाणे दर तासाला, बदललेल्या फायलींची नवी प्रत ती बाहेरच्या डिस्कवर टाकते. विंडोज ११ मध्ये ती ‘सेटिंग्ज’मधून गायब झाली आहे, कंट्रोल पॅनेलमधल्या ‘सिस्टीम अँड सिक्युरिटी’खालीच सापडते. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘विंडोज बॅकअप’ म्हणून जे दिसतं ते वनड्राइव्हशी बांधलेलं आहे, त्याचा तुमच्या टेबलावरच्या डिस्कशी संबंध नाही. हा घोळ फार जणांचा होतो.

सर्वांत मोठा गैरसमज मात्र असा की फाइल हिस्टरी ‘सगळ्या’ संगणकाचा बॅकअप घेते. ती घेते डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज अशा ठरलेल्या फोल्डरांचा आणि लायब्ररीत जोडलेल्या फोल्डरांचा. डी ड्राइव्हवर ‘ऑफिस २०२४’ नावाचं फोल्डर करून सगळं तिथे ठेवलं असेल तर त्याची एकही प्रत झालेली नसेल, आणि त्याबद्दल चूक म्हणून काही दिसणारही नाही. हिशेबाच्या प्रोग्रामचा डेटाही बहुधा या ठरलेल्या फोल्डरांबाहेर असतो. प्रोग्राममध्येच डेटाचा मार्ग लिहिलेला असतो, तो बघून घ्या. उपाय सोपा आहे: त्या फोल्डरवर उजवी क्लिक करून ‘इन्क्लूड इन लायब्ररी’. विंडोज ११ मध्ये हे ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या आत दडलेलं असतं.

दुसरा सापळा वनड्राइव्हचा. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हनं आपल्याकडे वळवून घेतलेले असतील, तर ढगाची खूण असलेल्या फायली प्रत्यक्षात संगणकावर नसतातच; फाइल हिस्टरी त्या सोडून देते. ज्या हव्या त्यांवर उजवी क्लिक करून ‘ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा.

आता प्रत्यक्ष बिघाड. ‘रीकनेक्ट युवर ड्राइव्ह’ असा संदेश हटत नसेल, ‘रन नाऊ’ दाबलं तरी काही हलत नसेल, तर या क्रमानं जा.

१. ‘सर्व्हिसेस’ उघडून ‘फाइल हिस्टरी सर्व्हिस’ चालू आहे का ते पाहा. एखादा ‘पीसी क्लीनर’ ती बंद करून ठेवतो.

२. फाइल हिस्टरीच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये खाली इव्हेंट लॉग उघडण्याची लिंक असते. त्यात कोणत्या फाइलवर गाडी अडली तिचा पूर्ण मार्ग बहुधा सापडतो. फोल्डरात फोल्डर करत मार्ग २६० अक्षरांच्या पुढे नेला असेल तर नावं छोटी करा. ईएफएस या विंडोजच्या सोयीनं एनक्रिप्ट केलेल्या फायली ती मुळात घेतच नाही.

३. एवढ्यानं भागलं नाही तर फाइल हिस्टरी ‘टर्न ऑफ’ करा. मग आपल्या यूजर फोल्डरातल्या ‘अ‍ॅपडेटा’, ‘लोकल’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’ या वाटेनं ‘फाइल हिस्टरी’ फोल्डरपर्यंत पोचा. ‘अ‍ॅपडेटा’ लपवलेलं असतं, त्यामुळे लपवलेल्या गोष्टी दाखवण्याचं सेटिंग आधी चालू करा. त्या फोल्डरचं नाव बदलून ‘जुने’ जोडा, पुसू नका. पुन्हा ‘टर्न ऑन’ करा आणि ‘सिलेक्ट ड्राइव्ह’मधून डिस्क निवडा. डिस्कवरच्या आधीच्या प्रती तशाच राहतात.

नव्यानं सुरू झालेला पहिला बॅकअप वेळ खातो. यूएसबी २ च्या पोर्टवर सेकंदाला साधारण ३५ एमबी धरले तर ५०० जीबीला चार तास लागतात, आणि बारीक बारीक फायली असतील तर त्याहून बरेच जास्त. मध्येच वेग एकदम बसला म्हणून केबल उपटू नका. पुष्कळ पोर्टेबल डिस्क दीर्घकाळ लिहिताना अशाच मंदावतात.

टास्क शेड्युलर आणि रोबोकॉपी

छोट्या ऑफिसांत कुणीतरी जाणत्यानं एक बॅच फाइल (ओळीनं लिहिलेल्या आज्ञांची फाइल) लिहून दिलेली असते, ती रोज रात्री टास्क शेड्युलरमधून चालते. पद्धत चांगली आहे, मला ती फाइल हिस्टरीपेक्षा भरवशाची वाटते, कारण ती काय करते ते वाचता येतं. पण तिचे रोग वेगळे.

लॅपटॉपवर काम सुरूच होत नाही याचं पहिलं कारण म्हणजे टास्कच्या ‘कंडिशन्स’ टॅबवरची खूण: ‘संगणक विजेवर असेल तरच सुरू करा’. ती मुळातच चालू असते. दुसरं, रात्री अकराची वेळ लावलेली आणि ऑफिस साडेसातला बंद. ‘सेटिंग्ज’ टॅबवर ‘वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर चालवा’ अशा अर्थाचा पर्याय असतो, तो आपण चालू करावा लागतो. तिसरं, विंडोजचा पासवर्ड बदलला पण टास्कमध्ये जुनाच राहिला.

अशा फाइलमध्ये बहुधा रोबोकॉपी, म्हणजे विंडोजमधली फायली कॉपी करणारी आज्ञा, वापरलेली असते. आता एक मजेशीर भाग. रोबोकॉपी यशस्वीपणे फायली कॉपी करते तेव्हा उत्तर म्हणून १ हा आकडा परत देते. कॉपी करण्यासारखं काही नव्हतं तर शून्य. बाकी सगळीकडे शून्य म्हणजे यश, त्यामुळे ‘लास्ट रन रिझल्ट’मध्ये १ बघून माणूस घाबरतो आणि चांगलं चाललेलं काम ‘दुरुस्त’ करायला घेतो. ८ किंवा त्यापुढचा आकडा आला तर खरी चूक. मात्र बॅच फाइल दुसऱ्याच कारणानं कोलमडली तरी १ येऊ शकतो, म्हणून लॉग लिहिण्याचा स्विच (आज्ञेला जोडायचा पर्याय) लावलेला असावा आणि निकाल लॉगमध्ये पाहावा.

काम रात्री सुरू होतं पण सकाळीही ‘रनिंग’च दिसतं? रोबोकॉपीला फाइल उघडता आली नाही तर ती मूळ सेटिंगप्रमाणे दहा लाख वेळा प्रयत्न करते, दर प्रयत्नात ३० सेकंदांचं अंतर ठेवून. हिशेब केला तर एका अडलेल्या फाइलवर जवळजवळ वर्ष. कुणीतरी आउटलुक उघडं ठेवून घरी गेलं की पीएसटी अडते आणि तिच्यामागची रांग तशीच राहते. आर आणि डब्ल्यू या स्विचनी प्रयत्न २ आणि अंतर ५ सेकंद करून टाका. शिवाय हिशेबाचा आणि मेलचा प्रोग्राम बंद करूनच निघायची सवय लावा. उघड्या डेटाबेसची कॉपी झाली तरी ती धड असेलच असं नाही.

फोल्डरांना मराठी नावं असतील तर आणखी एक गोष्ट. बॅच फाइल ‘एएनएसआय’ या जुन्या अक्षरपद्धतीत सेव्ह केली की ‘जमाखर्च’चं प्रश्नचिन्हांच्या माळेत रूपांतर होतं आणि ‘मार्ग सापडला नाही’ अशी चूक येते. नोटपॅडमध्ये ‘यूटीएफ-८’ निवडून सेव्ह करा, ‘विथ बीओएम’ नको, आणि कोडपेज ६५००१ करणारी सीएचसीपीची ओळ सर्वांत वर टाका. याहून सोपं म्हणजे फक्त वरच्या फोल्डरचं नाव रोमन लिपीत ठेवायचं. आतल्या मराठी नावांशी रोबोकॉपीचं काही वाकडं नाही. लॉगही मराठीत नीट दिसायला हवा असेल तर युनिकोड लॉगचा वेगळा स्विच आहे.

आणि ‘मिरर’. एमआयआर या स्विचनं मूळ फोल्डरात जे नाही ते बॅकअपमधूनही पुसलं जातं. कुणी चुकून वर्षाचं फोल्डर उडवलं, तर रात्री बॅकअपही ते इमानेइतबारे उडवतो. माझ्या मते साध्या ऑफिसात मिरर वापरूच नये. सोमवार ते शनिवार सहा वेगवेगळी फोल्डर्स करून त्या त्या दिवसाच्या फोल्डरात कॉपी करावी. जागा जास्त जाते, पण शुक्रवारी लक्षात आलेली चूक मंगळवारच्या प्रतीतून भरून निघते.

मॅकवर

मॅकची स्वतःची बॅकअपची सोय, टाइम मशीन, २००७ पासून आहे. बिग सर या मॅकओएस आवृत्तीपासून ते नवी डिस्क एपीएफएस या अ‍ॅपलच्या फाइल सिस्टीममध्ये फॉरमॅट करून घेतं. एनटीएफएस डिस्क मॅकला फक्त वाचता येते, लिहिता येत नाही. ‘प्रिपेअरिंग बॅकअप’वर अडल्यासारखं वाटलं तर आधी वाट पाहा, विशेषतः मोठ्या खंडानंतर किंवा मॅकओएस अपडेटनंतर. मग अँटिव्हायरसमधून बॅकअपची डिस्क वगळा, आणि ‘डिस्क युटिलिटी’तलं ‘फर्स्ट एड’ चालवा. लॅपटॉप चार्जरवर नसताना बॅकअप होत नसेल तर टाइम मशीनच्या ‘ऑप्शन्स’मध्ये बॅटरीवर चालू देण्याची खूण आहे. तासाच्या प्रती एक दिवस, रोजच्या महिनाभर आणि त्यामागच्या आठवड्याच्या ठेवल्या जातात. डिस्क भरली की सर्वांत जुनी प्रत जाते. म्हणून डिस्क मॅकच्या दुप्पट तरी घ्यावी.

दुरुस्त झालं हे कसं ओळखायचं

‘ऑन’ या शब्दावरून नाही. डेस्कटॉपवर आजच्या तारखेची एक छोटी फाइल करा, ‘रन नाऊ’ दाबा, मग मूळ फाइल दुसरीकडे हलवा आणि ‘रिस्टोअर पर्सनल फाइल्स’मधून परत आणा. उघडून बघा. त्याबरोबर एक मोठी फाइल, एक मराठी नावाची आणि हिशेबाचा डेटा, अशाही तीन गोष्टी परत आणून बघा. हिशेबाचा डेटा प्रोग्राममध्ये उघडून शेवटची नोंद जुळते का ते तपासा. प्रत वेगळ्या फोल्डरात उतरवा, म्हणजे चालू डेटावर जुना चढणार नाही.

ही तपासणी वर्षातून एकदा ठरवून करायची तर ३१ मार्च हा दिवस ‘वर्ल्ड बॅकअप डे’ म्हणून पाळला जातो. आपल्याकडे त्या दिवशी हिशेबनिसांना श्वास घ्यायला फुरसत नसते, तेव्हा एप्रिलचा पहिला शनिवार बरा.

शेवटी डिस्क काढण्याबद्दल. रॅन्समवेअर (खंडणी मागणारा व्हायरस) जोडलेल्या डिस्कवरच्या फायलीही कुलूपबंद करतं, त्यामुळे एकच डिस्क चोवीस तास लावून ठेवण्यापेक्षा दोन घेऊन आठवड्यानं अदलाबदल करा आणि न जोडलेली दुसऱ्या जागी, शक्यतो घरी, ठेवा. फाइल हिस्टरी वापरत असाल तर अदलाबदलीनंतर ‘सिलेक्ट ड्राइव्ह’मधून ती डिस्क पुन्हा निवडावी लागते. काढताना टास्कबारवरून ‘इजेक्ट’ करा. ‘डिस्क वापरात आहे’ असं उत्तर आलं तर ओढून न काढता संगणक पूर्ण शटडाउन करा, दिवा विझू द्या, मग केबल काढा.